आवड घडते कशी? रविवर्मा, गायतोंडे आणि सहवास

राजा रविवर्मांच्या लक्ष्मीपुढे हात जोडणारा माणूस अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर गोंधळून का जातो? माझ्या मते यात समजेपेक्षा सहवासाचा वाटा मोठा आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मांच्या छापखान्यातल्या तसबिरी घरोघरी लागल्या. गायतोंड्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवले, खरवडले. पण ती चित्रं बहुतेकांच्या नजरेला कधी पडलीच नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना कमी प्रसिद्ध इम्प्रेशनिस्ट चित्रं वर्गात वारंवार दाखवली, तेव्हा नेहमीच्या प्रसिद्ध चित्रांकडे असलेला त्यांचा कल ओसरला.

मग आवड म्हणजे नुसती सवय, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकप्रिय अमेरिकन चित्रकार टॉमस किंकेडची गोडगुलाबी चित्रं जितकी जास्त दाखवली, तितकी ती कमी आवडू लागली. नावाजलेले ब्रिटिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्या चित्रांचं तसं झालं नाही. म्हणजे सहवासात चित्राचा कसही लागतो. तेव्हा ‘अमूर्त मला कळत नाही’ असं ठरवून टाकण्याआधी गायतोंड्यांचं एक चित्र निवडा आणि ते सवडीने, पुन्हा पुन्हा पाहा.