तीन पूल आणि एक लहान गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूल जुना झाला की तो पाडायचा आणि त्याच्या जागी नवा बांधायचा, ही आपल्या ओळखीची रीत. पश्चिम वेल्समधल्या एका खेड्यात मात्र तसे झाले नाही. तिथे जुन्या पुलाच्या डोक्यावर दुसरा पूल बांधला गेला आणि तोही अपुरा पडू लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर तिसरा. सर्वांत खालचा पूल मध्ययुगातला, मधला दगडी पूल १७५३ सालचा, तर वरचा लोखंडी पूल १९०१ सालचा. तिन्ही आजही एकावर एक उभे आहेत. खालून मनाख नावाची नदी अरुंद घळीतून उसळत जाते आणि पाच टप्प्यांत सुमारे तीनशे फूट खाली कोसळून रायडॉल नदीला मिळते.

इंग्रजीत या जागेला ‘डेव्हिल्स ब्रिज’, म्हणजे सैतानाचा पूल म्हणतात. वेल्श भाषेतले नाव आहे पॉन्टारव्हनाख, म्हणजे मनाखवरचा पूल. ‘मनाख’ या शब्दाचा वेल्श भाषेतला अर्थ ‘मठवासी’. जवळच्या स्ट्राटा फ्लोरिडा मठातल्या साधूंनी पहिला पूल बांधला, असे मानले जाते. लोककथेने मात्र त्याचे श्रेय सैतानाला दिले. एका म्हातारीची गाय पलीकडच्या काठावर गेली. नदीला पूर आलेला. सैतान साधूच्या वेषात आला आणि म्हणाला, पूल बांधून देतो, पण त्यावरून जो पहिला जीव जाईल तो माझा. पूल तयार झाला. म्हातारीने पदरची भाकरी काढून पुलावर भिरकावली, तिचे कुत्रे त्या तुकड्यामागे धावले आणि सैतान हात चोळत बसला. म्हातारी कोणत्याही देशातली असो, तिला फसवणे सोपे नसते, हे या कथेवरून पुन्हा एकदा पटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रौद्र निसर्ग पाहायला प्रवास करण्याची नवी हौस ब्रिटनमध्ये आली. लगतच्या हॅवोड इस्टेटीचे मालक थॉमस जोन्स यांनी उघड्या डोंगरांवर लाखो झाडे लावली आणि धबधब्याच्या वाटा रुळत गेल्या. कवी वर्ड्‌स्वर्थ १८२४ मध्ये इथे आले आणि त्यांनी या प्रपातावर सुनीत लिहिले. जॉर्ज बॉरो १८५४ मध्ये पायी फिरत इथे पोचले. त्यांचे ‘वाइल्ड वेल्स’ हे प्रवासवर्णन १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हे सारे सवड आणि पैसा असणाऱ्यांचे पर्यटन होते. समुद्रकाठच्या अबरिस्टविथ गावाला १८६४ मध्ये रेल्वे आली आणि सुट्टीसाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली, तरी तिथून पुलापर्यंतचे सुमारे बारा मैल घोडागाडीनेच काटावे लागत.

मग हे अंतर तोडणारी रेल्वे आली. गंमत अशी की, ती मुळात पर्यटकांसाठी नव्हतीच. रायडॉलच्या खोऱ्यात शिशाच्या खाणी होत्या. खनिज आणि लाकूड बंदरापर्यंत स्वस्तात न्यावे, म्हणून १८९७ मध्ये या मार्गाला संसदेची मंजुरी मिळाली. पैसा उभा करण्यात काही वर्षे गेली. १९०२ च्या उन्हाळ्यात मालगाडी धावू लागली आणि २२ डिसेंबर १९०२ रोजी प्रवासी गाडी सुरू झाली. रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढेच. रूळ जितके जवळ तितके वळण आखूड घेता येते आणि डोंगराला बिलगून जाता येते. बोगदे खोदण्याचा खर्च वाचतो. शेवटचे चार मैल दर पन्नास फुटांना एक फूट असा चढ आहे. इंजिनाच्या धापा ऐकू येतात तेव्हा हा आकडा बरोबर समजतो.

पण रेल्वे आली तोवर शिशाचे दिवस सरत आले होते. परदेशातून स्वस्त शिसे येऊ लागल्याने वेल्समधल्या खाणी एकोणिसाव्या शतकातच डबघाईला आल्या होत्या. रिऊव्हरॉन या थांब्यावर दरीपलीकडच्या खाणीतले खनिज तारेवरच्या पाळण्यांतून येऊन डब्यांत पडत असे. तेही हळूहळू थांबले. जिच्यासाठी रूळ टाकले ती मालवाहतूक आटली आणि जोडीला धरलेले सहलीचे प्रवासी गाडीचा आधार ठरले. सकाळी समुद्र, दुपारी धबधबा आणि संध्याकाळच्या जेवणाला परत, असा बेत आता साध्या कामगार कुटुंबालाही परवडू लागला.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. खोऱ्यातल्या खेड्यांना ही गाडी बाजाराला आणि कामाला जाण्यासाठी हवी होती. पुढे मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला. या कंपनीने १९२३-२४ मध्ये स्विंडनच्या कारखान्यात खास या मार्गासाठी नवी इंजिने बांधली. पण रस्त्यावर मोटारी आणि बस धावू लागल्या, आणि १९३१ पासून हिवाळी गाडी बंद झाली. म्हणजे पाहुणे येत तेव्हा गाडी, आणि चिखल-बर्फाच्या दिवसांत गावकऱ्यांना नाही. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. तरी मला वाटते, पाहुणे नसते तर रूळही उरले नसते. आसपासच्या कितीतरी गावांची रेल्वे पुढे कायमची उखडली गेली.

दुसऱ्या महायुद्धात बंद पडलेली ही गाडी १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९४८ मध्ये सरकारी मालकीची झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मोठ्या मार्गांवरची वाफेची इंजिने निवृत्त केली. त्यानंतर या सरकारी रेल्वेकडे वाफेची नियमित सेवा उरली ती फक्त इथे. तीन लहान इंजिने, अंगाला निळा रंग आणि त्यावर डिझेल गाड्यांचे बोधचिन्ह! १९८९ मध्ये हा मार्ग विकला गेला. ब्रिटिश रेल्वेचा खासगी हातांत गेलेला हा पहिला तुकडा. आज तो धर्मादाय न्यासाच्या मालकीचा आहे.

वरच्या रस्त्यावरून चालताना खाली आणखी दोन पूल आहेत याचा पत्ताही लागत नाही. पैसे देऊन फिरत्या फाटकातून खाली उतरावे लागते, तेव्हा तिन्ही कमानी एका नजरेत येतात. धबधब्याची पूर्ण वाट ६७५ पायऱ्यांची. उतरताना मी मोजत होतो. चढताना मोजणे सोडून दिले.

वेल्सला जाण्याचा योग आला, तर अबरिस्टविथहून ही गाडी जरूर पकडा आणि दरीच्या बाजूची खिडकी धरा. तासाभराच्या प्रवासात समोरच्या उतारावर जुन्या खाणीच्या राबिटाचा, धावत्या काळविटासारखा दिसणारा एक पट्टा लागतो. लोक कौतुकाने त्याची छायाचित्रे काढतात. ही गाडी ज्यांच्यासाठी निघाली, त्या खाणकामगारांची या डोंगरावर उरलेली खूण ती हीच.