आवाज कुठे अडला?

संगणक कानांनी : लेखांक ६

नेरुळहून एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, डेबियन लिनक्स टाकायला घेतलंय. एस दाबलं, एंटर दाबलं. पंधरा मिनिटं झाली, काहीच बोलत नाही." त्याला दिसत नाही, म्हणून तर बोलणारा इन्स्टॉलर, आणि तोच मुका! आवाज आला नाही तर काय करायचं, हे पेनड्राइव्ह तयार करण्याच्या लेखातच सांगायला हवं होतं. राहून गेलं.

डेबियनचा पहिला मेनू उघडला की बीप येते. जुन्या बायोसवर एकदा, यूईएफआयवर दोनदा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ती ऐकूच येत नाही, म्हणून थोडं थांबून एस आणि एंटर दाबायचं. इथवर त्याचं बरोबर होतं.

मी विचारलं, "मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय?" होता. मग संशय तिथेच. एचडीएमआयसुद्धा संगणकाच्या लेखी साउंड कार्डच. स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे आवाज गेला की तो गेलाच. एकाहून जास्त कार्डं असली की इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलून बघतो. ज्या वेळी ऐकू येईल त्याच वेळी एंटर दाबायचं असतं. आमच्या पठ्ठ्याने कंटाळून आधीच एंटर दाबलं होतं. म्हणजे मुका मॉनिटर त्याने स्वतःच निवडला! पुन्हा सुरू करून, हात आवरून बसल्यावर हेडफोनमधून ईस्पीक, म्हणजे इन्स्टॉलरचा आवाज, बोलू लागला.

लॅपटॉपवाल्यांची अडचण वेगळी. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपांना आवाजासाठी स्वतंत्र फर्मवेअर लागतं. २०२३च्या डेबियन १२पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधीचा पेनड्राइव्ह सरळ पुसून टाका. तरीही शांतता असेल तर यूएसबी हेडसेट लावून पुन्हा सुरू करा. त्याला सहसा वेगळं फर्मवेअर लागत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये एक कायम असतो.

इन्स्टॉल झाल्यावर काळा कन्सोल बोलतो आणि डेस्कटॉप गप्प, असंही होतं. कन्सोल बोलता करणारा ईस्पीकअप साउंड कार्ड थेट धरून बसतो आणि डेस्कटॉपचा आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ किंवा पाइपवायरच्या हाती ते लागत नाही. पण आधी एखादं गाणं लावून बघा. गाणं वाजलं तर कार्ड ठीक आहे, डेस्कटॉप वाचून दाखवणारा ऑर्काच बंद असेल: ग्नोम डेस्कटॉपमध्ये ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस एकत्र दाबा. गाणंही वाजलं नाही, तरच ईस्पीकअप थांबवून पाहायचं.

अशा अडचणी ऐकून "आंधळ्या माणसाने विंडोजच वापरावं," असा सल्ला देणारे भेटतात. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन. जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सल्ला देणाऱ्यांना एवढं सांगा.

पुढच्या आठवड्यात डिस्कची विभागणी. तोवर जुन्या, रिकाम्या यंत्रावरच हात बसवा, आणि डिस्क पुसण्याचा प्रश्न पूर्ण ऐकू आल्याशिवाय एंटरला बोट लावू नका.