स्क्लेरल लेन्स : कोणाच्या डोळ्याला किती मोठी?

डोळ्याच्या काळ्या भागासमोर जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. प्रकाशकिरण वळवून आत नेण्याचे बहुतांश काम हाच पडदा करतो, आणि म्हणून त्याची घडण बिघडली की चष्म्याचा नंबर कितीही वेळा बदलला तरी नजर स्वच्छ होत नाही. नेहमीची कडक लेन्स साधारणतः 9 ते 10 मिलिमीटर व्यासाची असून ती पारपटलावरच बसते. स्क्लेरल लेन्स मात्र 15 ते 20 मिलिमीटर, क्वचित त्याहूनही रुंद असल्यामुळे पारपटल ओलांडून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, म्हणजे श्वेतपटलावर टेकते. पारपटलाला ती कोठेही शिवत नाही आणि दोहोंमधल्या पोकळीत भरलेले सलाईन लेन्स काढेपर्यंत तेथेच राहते. 1888 मध्ये झुरिचचे नेत्रवैद्य अडोल्फ फिक यांनी वर्णन केलेली काचेची लेन्स याच जातीची होती. परंतु पारपटलात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळवावा लागतो आणि काच तो अडवते, म्हणून ही कल्पना खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती प्राणवायू आरपार जाऊ देणारे प्लास्टिक आल्यावरच.

व्यास निवडताना पहिला प्रश्न असा असतो, की आतले पाणी कशासाठी हवे आहे: वेडावाकडा पृष्ठभाग झाकण्यासाठी, की सुकलेला पृष्ठभाग भिजत ठेवण्यासाठी. केरॅटोकोनस या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते; तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि ॲलर्जीने खाजणारे डोळे सतत चोळण्याशी त्याचा निकटचा संबंध आढळतो. येथे सलाईन सारे उंचसखलपण भरून काढते आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग लाभतो. शंकू मध्यम असेल तर 15-16 मिलिमीटरची लेन्स बहुधा पुरते, व ती हाताळायलाही सोपी पडते. शंकू फार उंच असेल किंवा पारपटलाच्या खालच्या कडेपर्यंत उतरलेला असेल, तर त्यावरून कमान नेण्यासाठी मोठा व्यास लागतो. लेन्समुळे नजर सुधारते, आजाराची वाढ थांबत नाही, हे रुग्णाच्या पालकांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे, कारण वाढ रोखण्याचा उपचार वेगळा असतो.

पृष्ठभागाच्या आजारांत गणित बदलते. सल्फा किंवा अपस्माराच्या काही औषधांची घातक प्रतिक्रिया होऊन उद्भवणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये अश्रू आटतात, पापण्यांच्या आतल्या कडा खरखरीत होतात आणि प्रत्येक उघडझाप पारपटलाला घासून जाते. अशा रुग्णाला प्रकाशात डोळा उघडणेही असह्य होते. त्याला 18 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी लेन्स अधिक उपयोगी ठरते, कारण ती पाण्याचा मोठा साठा धरते आणि पापणीपासून अधिक क्षेत्र झाकते. चेहऱ्याच्या पक्षाघातामुळे पापणी मिटत नसलेल्या रुग्णालाही हाच न्याय लागू पडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी अशा रुग्णांसाठी खास मापाच्या लेन्स बसवल्या जातात, आणि केवळ नंबर घालवण्याचे साधन समजून या लेन्सकडे पाहणे किती अपुरे आहे ते तेथे कळते.

सर्वांत अवघड निवड पारपटलाचे प्रत्यारोपण झालेल्या डोळ्याची असते. पारपटलाच्या आतल्या अंगाला पाणी उपसून टाकणाऱ्या पेशींचा एकच थर असतो. या पेशी माणसात नव्याने तयार होत नाहीत आणि कलमात त्या वेगाने घटत जातात. लेन्स जाड व पाण्याचा थर खोल असेल तर प्राणवायू कमी पडून कलम सुजते आणि संध्याकाळी दिव्यांभोवती इंद्रधनुषी वलये दिसू लागतात. म्हणून आधी पेशींची गणना करून, काम भागेल तेवढीच कमान ठेवणे, आणि पेशी फारच कमी असतील तर या लेन्सचा आग्रह सोडणे, हेच शहाणपणाचे. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत पाण्याला वाट करून दिलेल्या जागी लेन्सची कड दाबणार नाही, हेही पाहावे लागते.

मोठ्या व्यासाची किंमतही असते: पारपटलापासून दूर जावे तसे श्वेतपटल अधिकाधिक असमान होत जाते, त्यामुळे एकसारख्या कडेची लेन्स एका बाजूला रुतते व दुसऱ्या बाजूला उचलली जाते, आणि मग दोन दिशांना वेगवेगळी वक्रता असलेली कड घडवून घ्यावी लागते. शिवाय लेन्स घातल्यावर काही तासांत ती थोडी आत बसते, म्हणून चाचणीची लेन्स घालून रुग्णाला बराच वेळ थांबवल्यानंतरच मध्यभागी साधारण पाव मिलिमीटर अंतर उरते का, हे तपासणे योग्य.

याइतकेच महत्त्व रुग्णाच्या हातांना आहे. परिरक्षक नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरलेली लेन्स चेहरा जमिनीला समांतर धरून, बुडबुडा न अडकू देता घालावी लागते, आणि काढताना रबरी चोषक मध्यभागी न लावता कडेजवळ लावावा लागतो. ज्याची बोटे थरथरतात त्याच्यासाठी दोन मिलिमीटर लहान लेन्स, किंवा रोज घालून देणारे घरचे माणूस, यांचा विचार मापे घेण्यापूर्वीच व्हायला हवा. नळाचे पाणी तर लेन्सला लागताच कामा नये, कारण त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटलात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात.