गल्लीतलं पाणी आणि कॉम्प्युटरचा हिशेब

पावसाळा आला की आपल्या कानावर तेच शब्द पडतात. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. सखल भागात पाणी साचण्याची शक्यता. मग आपला जीव टांगणीला लागतो. धान्याचे डबे पोटमाळ्यावर चढवायचे का? शाळेचे दाखले, रेशनकार्ड पिशवीत बांधायचं का? की नेहमीसारखं घोटाभर पाणी येईल आणि ओसरेल?

पाणी कुठे आणि किती साचेल हे आधीच कसं सांगतात, ते आज आपण समजून घेऊ. या कामाला गणिती प्रतिमान म्हणतात, म्हणजेच मॉडेल. नाव भारदस्त आहे, पण मुळात ती घरखर्चाचीच वही. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती.

आपण मरोळची उदाहरणाची एक गल्ली घेऊ. गल्लीची जमीन २५० चौरस मीटर. दोन्ही बाजूंची छपरं आणि अंगणं धरून जिथलं पाणी गल्लीत येतं ती सगळी जागा १००० चौरस मीटर. आता एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर गल्लीत आलं ५० हजार लिटर. गटार तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याएवढं असेल, तर गेलं २५ हजार. उरलं २५ हजार. छपरावर तर पाणी थांबत नाही, ते सगळं २५० चौरस मीटर गल्लीत पसरलं. म्हणजे १० सेंटिमीटर, साधारण चार इंच.

आता त्याच गटारात प्लॅस्टिक अडकलं आणि पाणी निम्मंच जाऊ लागलं, तर गल्लीत १५ सेंटिमीटर. नदीच तुडुंब भरली आणि गटाराचं पाणी नदीत शिरेचना, तर २० सेंटिमीटर. पाऊस तेवढाच, पण एकदा पाणी उंबरठ्याच्या खाली राहिलं, एकदा आत आलं. हे वहीवर आकडेमोड करून कळलं, पाण्यात उभं राहून नाही. मॉडेलचा उपयोग हाच.

यातला २५ चा आकडा आम्ही मनचा घेतलेला नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरूनच बांधलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात ती ५० पर्यंत वाढवायला सांगितलं होतं. पुढे २६ जुलै २००५ आला. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४. त्यानंतर या कामाला खरा वेग आला.

पण खरी अडचण पुढेच आहे. आपली गल्ली एकटी नाही. वरच्या गल्लीचं पाणी आपल्याकडे येतं, आपलं खालच्या गल्लीत जातं. आपली मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते. आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला असं करत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. वर विहार भरून वाहू लागला, खाली समुद्राला भरती आली आणि मधे पाऊस कोसळतोय, हे सगळं एकदम घडतं. अख्ख्या नदीचं उत्तर एका दमात काढता येईल असं समीकरण कुणाकडे नाही.

म्हणून शास्त्रज्ञ तुकडे करतात. नकाशावर चौकटी आखायच्या, लाडवाच्या परातीत वड्या पाडतो तशा. प्रत्येक चौकटीची जमीन किती उंच, तिथे माती आहे की काँक्रीट, गटार केवढं, हे लिहायचं. वेळेचेही तुकडे करायचे, काही सेकंदांचे. मग प्रत्येक चौकटीत आपल्या गल्लीसारखाच हिशेब. शेजारच्या चौकटीत गेलेलं पाणी तिच्या 'आलं'मध्ये मांडायचं, आणि पुढच्या क्षणी सगळा हिशेब पुन्हा. चौकटी लहान केल्या की वेळेचे तुकडेही लहान घ्यावे लागतात, नाहीतर पाणी वहीतल्या वहीत चौकट ओलांडून उडी मारतं आणि उत्तर बिघडतं. लाखो चौकटी, हजारो क्षण. ही बेरीज-वजाबाकी माणसाच्या आवाक्यातली नाही, म्हणून कॉम्प्युटर लागतो.

कॉम्प्युटर नव्हता तेव्हाही एकाने प्रयत्न केला होता. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात २० मे १९१० या एका दिवसाचं हवामान हाताने मोजून काढलं. सहा तासांत हवेचा दाब प्रचंड बदलेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो जागचा फारसा हललाच नव्हता. पद्धत बरोबर होती, पण सुरुवातीला भरलेले आकडे एकमेकांशी जुळणारे नव्हते. १९२२ साली त्याने हे फसलेलं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं छापलं. पुढे १९५० साली अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाच्या यंत्रावर हवामानाचा पहिला अंदाज काढला गेला. यंत्राला सूचना कशा द्यायच्या हे त्या शास्त्रज्ञांना शिकवणारी आणि शेवटचं काम तपासून देणारी एक बाई होती, क्लारा फॉन नॉयमन.

आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत हे काम चालतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'ची चौकट ६ किलोमीटरची आहे. जगभरच्या अंदाजांमध्ये ही चौकट बारीक समजली जाते. तरी विचार करा, अशा एका चौकटीत आरेच्या कडेपासून विमानतळापर्यंतचा भाग मावतो, आणि त्या सगळ्याला पावसाचा एकच आकडा. म्हणून पावसाचा अंदाज आला तरी तेवढ्याने गल्लीचं भवितव्य कळत नाही. त्यासाठी जमिनीचं वेगळं मॉडेल लागतं. मुंबईसाठी असं मॉडेल आहे, त्याचं नाव आयफ्लोज. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या मदतीने ते तयार केलं आणि १२ जून २०२० ला ते सुरू झालं. पाऊस, भरती, नद्या, तलाव, जमिनीची उंची आणि नाले एकत्र धरून कुठल्या वॉर्डात किती पाणी साचू शकेल, याचा अंदाज तीन दिवस आधी मिळावा हा त्याचा हेतू. आपलं मरोळ के-पूर्व वॉर्डात येतं.

मग अंदाज चुकतो कसा? रिचर्डसनचं लक्षात ठेवा. वहीत जे लिहिलं असेल, तेवढंच मॉडेलला माहीत. मागच्या वर्षी एखाद्या गल्लीत भराव टाकून रस्ता उंच केला आणि बाजूची घरं खड्ड्यात गेली. नाल्यावर स्लॅब पडला. कुठे नाल्याचं तोंड भिंत बांधून अरुंद केलं. वहीत जुनीच उंची असेल, तर कॉम्प्युटर कितीही मोठा असो, तो जुन्याच गल्लीचं उत्तर देणार.

म्हणूनच मॉडेल बनवणारे पूर ओसरल्यावर भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा शोधत फिरतात. मॉडेल म्हणालं दोन फूट, भिंत म्हणते तीन, तर मॉडेल सुधारायचं. भिंतीवरची खूण खोटं बोलत नाही. आणि ती खूण कुणाला ठाऊक असते? दिवसभर घरात असते तिला. पाणी आधी मोरीतून वर आलं की दारातून, किती वाजता आलं, शेगडीपर्यंत चढलं का, किती तासांनी उतरलं, हे आपल्याला पाठ असतं. ते सांगायला कुणी विचारत नाही, म्हणून आपणही ती माहिती आहे असं धरत नाही.

या पावसाळ्यात एवढं करूया. पाणी आलं की जीव आधी सांभाळायचा. ते ओसरल्यावर भिंतीवरच्या वरच्या खुणेला खडूने रेघ मारायची, जमिनीपासूनची उंची टेपने मोजायची, तारीख आणि वेळ लिहायची. गल्लीतल्या चार-पाच घरांनी केलं तर उत्तम. तो कागद मोहल्ला बैठकीत, वॉर्ड ऑफिसात अर्जासोबत द्यायचा. "आमच्याकडे फार पाणी भरतं" या वाक्यापेक्षा "अमुक तारखेला तीन वाजता ४२ सेंटिमीटर" हे वाक्य टाळायला अवघड जातं.

आणि इशारा आला की तो खोटा ठरेल म्हणून सोडून देऊ नका. रेड अलर्टचा अर्थ पूर येणारच असा नसतो, लगेच कृती करा असा असतो. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठीची पातळी ३.९ मीटरपर्यंत गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून शेकडो लोकांना हलवावं लागलं. पाणी दारात यायच्या आधी निघालेल्या बाईच्या हाताला मूल असतं आणि दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. उशीर झाला की दोन्ही हात फक्त दोरी धरायला लागतात. पाणी भरू लागलं तर महापालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६ आहे. तो आजच दाराच्या आत, मुलांनाही दिसेल असा लिहून ठेवा.