आसुडाचा आवाज

मार्गशीर्षात दत्तजयंती जवळ येऊ लागली, की सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील, शहादे तालुक्याच्या कळसाडीसारख्या गावांची पावले सारंगखेड्याकडे वळू लागतात. एकमुखी दत्ताचे दर्शन हे यात्रेचे निमित्त असले, तरी तापीकाठी दूरदूरच्या मुलखांतून येऊन उतरणारे मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबी घोडे हेच तिचे खरे वैभव होय. आणि ज्याला घोडा घेण्याची ऐपत नाही तोही लगाम, खोगिरे, रिकिबी, घुंगरांचे पट्टे आणि चाबूक यांच्या पालांपुढे घटकाभर उभा राहिल्याखेरीज घरी परतत नाही. तेथे जाणते गिऱ्हाईक चाबूक हाती घेते तेव्हा प्रथम वादी ताणून पाहते, मग मुठीचा तोल अजमावते, आणि शेवटी चार पावले मोकळ्या जागेत जाऊन, कोणालाही न लागेल असा, हवेत एकच सटका मारून कान देते. आवाज फुटका निघाला तर चाबूक मुकाट्याने जागच्या जागी परत जातो.

मला जे सांगावयाचे आहे ते या एका कृतीत सामावलेले आहे. आसूड हे मारण्याचे साधन आहे अशी सर्वसामान्य समजूत असली, तरी ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला आणि ज्यांनी तो जनावरांमागे चालून वापरला, त्यांच्या लेखी त्याची किंमत घावावर नसून नादावर ठरत आली आहे.

शब्दांची साक्षही काही वेगळी नाही. ‘चाबूक’ हा शब्द आपण फारसीतून घेतला, आणि तेथे त्याचा मूळ अर्थ चपळ, तल्लख असा आहे. मराठी पागेत अवखळ शिंगरांना चाल शिकवणारा जो ‘चाबूकस्वार’ असे तो चपळ स्वार होता, आणि चाबुकस्वार हे आडनाव महाराष्ट्रात आजही नांदते आहे. वैदिक वाङ्मयात अश्विनीकुमारांच्या हाती जी ‘कशा’, म्हणजे चाबूक, दिली आहे तिच्यातून मध स्रवतो, आणि अथर्ववेदाच्या नवव्या कांडाचे पहिले सूक्त या मधुकशेचेच आहे. आपल्या विधिमंडळात पक्षाच्या सभासदांना एकत्र राखणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘प्रतोद’ म्हणतात तेही या कुळातले. त्यामागचे ‘व्हिप’ हे इंग्रजी पद शिकारीच्या वेळी कुत्र्यांचा कळप फुटू न देणाऱ्या माणसावरून आलेले आहे. आणि जोतीराव फुल्यांनी १८८३ साली आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा बैलांवर चालणारी वस्तू त्यांनी शेतकऱ्याच्याच हातून अन्यायावर उगारली.

परंतु आसूड घडवणाऱ्या हातांची हकीकत दप्तरात शोधू जाल तर ती जवळजवळ मिळत नाही, आणि याचे कारण मला गावगाड्याच्या रचनेत दिसते. मेलेले जनावर ओढणे महाराकडे, कातडे कमावणे ढोराकडे, कमावलेल्या कातड्याची मोट, जोडे, वाद्या आणि आसूड करणे चांभाराकडे, आणि अंबाडी व घायपात यांचे दोर, कासरे, म्होरक्या आणि कोरडे वळणे मांगाकडे, अशी ही वाटणी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. कुणब्याचा आसूड तुटला तर तो चांभाराकडे टाकावयाचा, आणि सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते घालावयाचे. ज्या जिन्नसाला रोख किंमत नाही त्याची वहीत कलमबंदी होत नाही. म्हणून मोटेइतकाच आवश्यक असलेला आसूड कागदावर उमटलाच नाही, आणि तो करणारा त्याहूनही नाही.

आता करणीकडे वळू. आसुडाचे गुणदोष चाकूच्या पहिल्या रेघेपूर्वी, कमावणीच्या कुंडातच निश्चित होतात. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून त्यावरील केस उतरवावयाचे, चुना धुऊन काढावयाचा, आणि मग बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा यांच्या कषायात ते दिवसेंदिवस ठेवून उलथेपालथे करावयाचे. घाई केली तर रस आतपर्यंत पोहोचत नाही, मधला थर कच्चा राहतो, आणि असे कातडे पहिल्या पावसाळ्यात कडक होऊन उन्हाळ्यात तडकते. म्हशीचे कातडे जाड व दमदार, म्हणून ते गाभ्याला आणि मुठीच्या बांधणीला. शेळीचे पातळ व चिवट, म्हणून ते वरच्या वेणीला. वादी काढण्याची युक्ती तर केवळ पाहण्याजोगी आहे. लांब वादीसाठी लांब कातडे लागते असे आपणांस वाटते. कारागीर मात्र तळहाताएवढा गोल तुकडा घेऊन रापीने त्याच्या कडेपासून मध्याकडे चकलीसारखा कापत जातो, आणि एवढ्याशा चकतीतून कित्येक हात लांबीची अखंड वादी निघते. कापताना रुंदी केसभरही चुकता कामा नये, नव्हे, ती ठरवून हळूहळू कमीच होत गेली पाहिजे. कारण आसुडाचे सारे रहस्य या उतरत्या निमुळतेपणात आहे.

पुढे वाद्या ओलसर करून, तेल वा चरबी चोळून, गाभ्याभोवती चौपदरी किंवा आठपदरी वेणी घालावयाची. मुठीपाशी पदर अधिक असतात. जसजशी वेणी खाली उतरते तसतसा एकेक पदर आत दडवून गाभ्यात विलीन करावयाचा, आणि तोही असा की बाहेरून सांधा दिसू नये व बोटाला गाठ लागू नये, कारण जेथे गाठ तेथे आसूड मोडतो. वेणी पुरी झाल्यावर ती फळीखाली दाबून लाटतात, म्हणजे पदर एकमेकांत बसतात. शेवटी सुताची वा घायपाताच्या तंतूची शेंडी बांधतात. ती झिजते, तुटते आणि पुन्हा बांधली जाते. स्वतः झिजून वरची वादी राखणे हेच तिचे काम. दांड्याला बांबू सर्वत्र चालतो, परंतु सातपुड्यात मिळणारे धामणाचे लाकूड वाकते आणि तुटत नाही, म्हणून ते मला अधिक योग्य वाटते.

तंतूंचा कोरडा हे याच विद्येचे दुसरे रूप. अंबाडीचे ताट पाण्यात कुजवून सोललेला वाख पिळून हा कोरडा होतो, आणि पोतराजाच्या हातातील कोरडा ज्याने अंगणात ऐकला आहे त्याला त्याच्या कडाडण्याचे वर्णन सांगावयास नको. तो आपल्याभोवतीची हवाच आधी फोडतो. कडकलक्ष्मी वेशीत आल्याची वर्दी त्या आवाजानेच घरोघर पोहोचते.

हा आवाज कशाचा? कातडे कातड्यावर आपटल्याचा तो नव्हे. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, आणि चाबकाचा शेवट तो वेग ओलांडून जातो, अशी कल्पना ऑटो लुमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडली. पुढे १९२७ साली कारिएर या संशोधकांनी छायाचित्रांच्या साह्याने तिचा मागोवा घेतला. २००२ साली ॲरिझोना विद्यापीठातील गोरिएली व मॅकमिलन यांनी गणिताने दाखवले की मनगटाच्या झटक्याने वादीत जो वळसा उत्पन्न होतो तो टोकाकडे धावत जातो, आणि वादी निमुळती असल्यामुळे तीच ऊर्जा उत्तरोत्तर कमी वस्तुमानात सामावून त्याचा वेग वाढत जातो. तो ध्वनीच्या पुढे गेला की ध्वनितरंगांचा स्फोट होतो. म्हणजे विमानाने १९४७ साली जी मर्यादा ओलांडली, ती खेड्यातील चांभाराची वादी त्याच्या कितीतरी आधीपासून रोज ओलांडत होती! पदर केव्हा गाळावा हे त्याने गणिताने ठरवले नव्हते. ते त्याच्या बोटांना ठाऊक होते.

गुरे राखणाऱ्या इतर समाजांनीही हेच सूत्र स्वतंत्रपणे साधले आहे. ऑस्ट्रेलियातील गुराखी कांगारूच्या कातड्याची बारीक वेणी घातलेला, वेताच्या दांड्याचा चाबूक वापरतात. हंगेरीच्या होर्टोबाज कुरणातील घोडेराखे आपल्या चाबकाच्या आवाजाने कळप वळवतात. मोकळ्या माळावरच्या शेकडो जनावरांपर्यंत हात पोहोचत नाही, आवाज पोहोचतो.

याचा अर्थ आसुडाने कधी पाठ फोडली नाही असा मात्र नव्हे, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आखाजीपासून आखाजीपर्यंत साल घालणाऱ्या खानदेशातील सालदाराने तो बैलांवर उगारला आहे. आणि सरकारनेही माणसांवर उगारला आहे. १८६४ साली फटक्यांच्या शिक्षेचा कायदा झाला, आणि ती शिक्षा रद्द होण्यास स्वतंत्र भारताला १९५५ साल उजाडले. जनावरांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा, आणि जुंपण्याच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ चे. त्यांत अणकुचीदार काठीला मज्जाव आहे, आणि तो सर्वस्वी रास्त आहे. अशा काठीची, म्हणजे पराणीची, आर आणि आसुडाची वादी यांत मी फरक करतो तो येथे: आर टोचल्याखेरीज काम करीत नाही, आसूड न लागताही करतो. बैलाच्या अंगावर वळ उठवणारा गाडीवान माझ्या मते बैलाइतकाच आसुडाशीही बेइमान आहे.

परंतु आता बैलच उरत नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या ६ कोटी ७९ लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती ४ कोटी ७४ लाखांपर्यंत खाली आली. शहादे भागात कापूस, ऊस, केळी आणि पपई यांच्या शेतांत ट्रॅक्टर रुळला, आणि उरलेल्या गाड्यांवर निळ्या-पिवळ्या नायलॉनच्या दोरीचे तुकडे काठीला बांधलेले दिसतात. ते स्वस्त आहेत, पावसात कुजत नाहीत. मात्र त्यांना निमुळतेपणा नाही म्हणून आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणून त्यांनी मारावेच लागते.

कारागिरांनी हे काम सोडले याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. कातड्याच्या कामाबरोबर समाजाने त्यांच्या माथी जो कलंक मारला, तो झुगारण्यासाठीच १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांच्या मांसासारख्या हीन रूढी टाकण्याचे आवाहन केले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनेही गेली. ते होणे अवश्यच होते. खेद आहे तो याचा, की काम सुटताना त्यातली विद्या कोणी लिहून घेतली नाही. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांनी कातड्याला हात लावला नाही, आणि ज्यांचा हात कातड्यावर होता त्यांच्या हाती लेखणी दिली नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्यास गेलात तर चाबकांच्या पालाशी थांबा, वेणीचा चाबूक निवडा, आणि तो कोणी केला हे विचारा. करणारा समोर असेल तर पदर कोठे आणि कसे गाळले ते त्याच्याकडून समजून घ्या, सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या, आणि त्याची संमती असेल तर त्याचे नाव व गाव एका कागदावर लिहून ठेवा.