एका कार्यक्रमाला तीन-तीन गिटारी कशाला लागतात?

रील्समध्ये हे दृश्य नेहमीचं. गाणं संपतं, वादक गळ्यातली गिटार उतरवतो, मागून कुणीतरी दुसरी आणून देतं. खाली कमेंट ठरलेली: 'नुसता शो ऑफ!' खरं कारण बहुतेक वेळा ट्यूनिंगचं असतं.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. 'ड्रॉप डी'मध्ये सगळ्यात जाड तार डीवर उतरवतात. 'ओपन जी'मध्ये तीन तारा उतरतात आणि एकही बोट न ठेवता तारा छेडल्या तरी अख्खी कॉर्ड वाजते.

मग स्टेजवरच खुंट्या पिळल्या तर? तार ईवरून डीवर आणली की तिचा ताण सुमारे 20 टक्के कमी होतो. इलेक्ट्रिक गिटारची मान सहा तारांचा मिळून 45 किलोच्या आसपास ताण पेलत असते. एक तार सैल पडली की मान किंचित सरळ होते आणि बाकीच्या पाच तारा थोड्या चढतात. ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर विचारूच नका. त्या सुरात आणेपर्यंत समोरची मंडळी मोबाइल काढतात.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबडला दत्तजयंतीचा जुना संगीत महोत्सव होतो, गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेला. अशा कुठल्याही मैफलीत तबलजीच्या पिशवीत डोकावून बघा. डग्गा एक, पण तबले दोन-तीन निघतील. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाला लहान तोंडाचा तबला लागतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला मोठ्या तोंडाचा. गट्ठे ठोकून तबला थोडाफार चढतो-उतरतो, पण फार ओढला तर पुडी तरी फाटते, नाहीतर आवाज मरतो. तंबोऱ्याचंही तसंच. पहिली तार एरवी पंचमाची, पण मालकंससारख्या पंचम नसलेल्या रागाला ती मध्यमात लावावी लागते. तबलजीला मात्र कुणी शो ऑफ म्हणत नाही!

यात धोकाही आहे. 'सॉनिक यूथ' या अमेरिकन बँडची बरीच गाणी ठरावीक गिटारींवर, ठरावीक ट्यूनिंगमध्येच बसवलेली होती. जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रकच चोरीला गेला. नव्या गिटारी दुकानात मिळतात, पण त्या गाण्यांसाठी तयार केलेल्या कुठून आणणार?

गणपतीत किंवा लग्नात वाजवणाऱ्या छोट्या बँडला तीन गिटारी परवडत नाहीत, आणि तेवढ्या लागतही नाहीत. एका ट्यूनिंगची गाणी सलग लावायची, बदल मध्यंतरात करायचा. सूर चढवायचा असेल तर कॅपो पुरतो. उतरवायला तो कामाचा नाही. दुसरी गिटार घ्यायचीच, तर स्वस्त चालेल, फक्त तिच्या खुंट्या घट्ट हव्यात. सैल खुंटीची गिटार कितीही देखणी असली तरी दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत बेसूर होते.