डाएटनंतर भूक दुप्पट का लागते?

मी चांद्याहून बोलतोय, म्हणजे मुळशीतलं चांदे, हिंजवडीच्या जवळचं. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी.

'महिनाभर डाएट केलं, वजन उतरलं, पण आता सारखं खावंसं वाटतं. माझ्यात विलपॉवरच नाही का?' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत असेल. तर दोष विलपॉवरचा नाही.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. त्याला दोन मुख्य निरोप येतात. जेवायच्या आधी पोट घ्रेलिन सोडतं, म्हणजे 'आता खा'. दुसरा निरोप चरबीकडून येतो, लेप्टिनचा. हे हार्मोन १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने शोधलं. लेप्टिन सांगतं, 'कणगीत धान्य आहे, काळजी नको.'

क्रॅश डाएट केलं की लेप्टिन झपाट्याने पडतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ आला! मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की, दहा आठवडे डाएट केलेल्यांची भूक आणि घ्रेलिन वर्षभरानंतरही वाढलेलंच होतं.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! काट्यावर सारखे, आतून वेगळे. याज्ञिकांच्या टीमला पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणून बारीक दिसणाऱ्यालाही आपल्याकडे मधुमेह गाठतो.

उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे आधीच कमी. मग करायचं काय? वजन हळूहळू उतरवा. ताटात उसळ, डाळ, अंडी वाढवा. थोडे डंबेल्स उचला. आणि झोपा! दोन रात्री चारच तास झोपलं तरी लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं. नाइट शिफ्टवाल्यांनो, रात्री दोनचा वडापाव का खुणावतो, कळलं ना?

काट्यासोबत टेपही वापरा. कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर डॉक्टरांकडून शुगर तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात!